दुसरा नंबर

ब्लॉगला वर्ष झालं की आढावा लिहायचा, अशी काही कुणाची सक्ती नव्हती. पण तपशीलरावांनी ती स्वतःवर लादून घेतली होती, कारण एखादी गोष्ट हातात घेतली की तिचा शेवटचा स्क्रू पिळेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसे. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, लॅपटॉप उघडला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘एक वर्ष झालं.’ तिथेच घोडं अडलं. चहा गार होऊन त्यावर साय धरली, तरी दुसरी ओळ काही येईना.

ओळ न सुचण्याचं कारण त्याच लॅपटॉपमध्ये होतं. ब्लॉगवर कुणी कमेंट लिहिली की ती आधी तपशीलरावांकडे येई, आणि त्यांनी मंजूर केली तरच इतरांना दिसे. गेल्या आठवड्यात आलेली एक कमेंट अशीच मंजुरीवाचून पडून होती. तिच्यात साधा प्रश्न होता: त्या दुपारी संदेशाला उत्तर कोणी दिलं? उत्तर देणारं माणूस पलीकडच्या खोलीत पलंगावर पाय सोडून मटार सोलत बसलं होतं. खरं सांगितलं असतं तर एका माणसाच्या मरणाला आपला हात लागला हे आईला या वयात कळलं असतं. न सांगावं, तर विचारणाऱ्याला विचारायचा पुरेपूर हक्क होता. सगळा आठवडा तपशीलराव या दोन गोष्टींच्या मधे अडकून बसले होते, आणि आज त्यांना वर्षाचा आढावा लिहायचा होता.

तपशीलराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. गोदामातल्या मालाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत ते बरीच वर्षं चिकटून होते, आणि हे नामकरण तिथल्याच मंडळींनी केलं होतं. कुणी म्हणालं, ‘प्रोग्रॅम चालत नाही,’ की हे विचारणार, ‘चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? पडद्यावर काय दिसतं? त्याच्या आधी तुम्ही काय केलंत?’ समोरचा मेटाकुटीला येई, पण चूक सापडे. पन्नाशी उलटली तरी लग्न राहून गेलं होतं, आणि त्यालाही तपशीलच कारणीभूत, असं त्यांची धाकटी बहीण म्हणे. तिने एका मैत्रिणीशी गाठ घालून दिली होती, तर ह्यांनी पहिल्याच भेटीत तिला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, ‘तुम्ही चहाला बोलावलंय की जबाब घ्यायला?’

ब्लॉगचं खूळ डोक्यात घातलं तेही या बहिणीनेच. ती दुसऱ्या गावात शिक्षिका होती. दर रविवारी फोन करायची, आणि हे तिला आठवड्यात सापडलेली एखादी चूक अगदी रंगवून सांगायचे. एकदा ती वैतागली. ‘दादा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझे कान किटले. ज्यांना कळतं त्यांच्यासाठी लिही की कुठेतरी!’ हे तिने जरा सुटका व्हावी म्हणून म्हटलं होतं. तपशीलरावांनी ते मनावर घेतलं.

वाचक बोटांवर मोजण्याइतके होते, पण ब्लॉग चांगला होता. अवघड गोष्ट आपल्या भाषेत, समोर बसून सांगितल्यासारखी लिहायची त्यांची हातोटी होती, आणि त्यांचा एक बाणा होता. इंटरनेटवर दुसऱ्याचा कोड उचलून, न चालवताच छापणारे लोक पैशाला पासरी. तपशीलरावांना त्यांची मनस्वी चीड. ते आधी कोड लिहीत, चालवून बघत, आणि चाललेला कोड जसाच्या तसा पोस्टमध्ये चिकटवत. चालवल्यानंतर एक अक्षरही बदलायचं नाही, कारण बदललं की तो चालवलेला राहिला नाही. प्रत्येक पोस्टच्या खाली लिहिलेलं असे: इथलं सगळं स्वतः चालवून पाहिलेलं आहे. माणसाला अभिमान असावा, पण ज्याचा अभिमान असतो तिथेच नजर जरा ढिली पडते, हे त्यांना कोण सांगणार?

घंटेची पोस्ट त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच लिहिली. त्यांचे वडील शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होते. काही हवं झालं की ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवत, आणि आई असेल तिथून ओरडे, ‘आले हं, धीर धरा!’ बऱ्याचदा तिचा एक हात कणकेत असे नाहीतर साबणात, आणि यायला वेळ लागे. पण ‘आले हं’ ऐकलं की वडील चमचा खाली ठेवत. वडील गेल्यावर तपशीलरावांना वाटलं, हा चमचा म्हणजे एक छोटा प्रोग्रॅमच आहे. त्याला त्यांनी नाव दिलं ‘घंटा’. पलंगाशी एक मोठं बटण आणि छोटा पडदा. बटण दाबलं की पहिल्या नंबरवर संदेश. थोडा वेळ उत्तर आलं नाही की दुसऱ्या नंबरवर संदेश, आणि मग पुन्हा पुन्हा. कुठूनही उत्तर आलं की ते पडद्यावर दाखवायचं आणि थांबायचं, म्हणजे आजाऱ्याला कळतं की आपलं कुणीतरी ऐकलं.

प्रोग्रॅम चालवून बघायला दोन नंबर हवे होते आणि घरात फोन दोनच. पहिला तपशीलरावांचा, दुसरा आईचा. चालवला, चालला, आणि बाण्याप्रमाणे जसाच्या तसा चिकटवला, दोन्ही नंबरांसकट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कंपनीत नव्या लोकांना ‘नमुन्यात खरी माहिती ठेवू नका’ म्हणून दरडावणारे गृहस्थ हेच.

पोस्ट गाजली, म्हणजे त्यांच्या मानाने गाजली. लोकांनी कोड उचलला, आपापल्या मशीनवर चालवून पाहिला, आणि संदेश या दोन फोनांवर येऊ लागले. ‘चाचणी.’ ‘चाचणी एक.’ ‘हॅलो हॅलो कुणी आहे का?’ ‘पोचतंय का बघू.’ तपशीलरावांचा फोन कामाच्या वेळी सारखा थरथरे. एका मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्याच संध्याकाळी त्यांनी पोस्टमधला आपला नंबर काढून तिथे नुसती शून्यं घातली. शून्यांवर संदेश जात नाही, प्रोग्रॅम तिथेच तक्रार करतो, म्हणून उचलणाऱ्याला तो नंबर बदलावाच लागतो. चोख काम. आईचा नंबर मात्र त्यांनी तसाच राहू दिला.

ते काही विसरले नव्हते. वडील गेल्यापासून आई गप्प झाली होती. इतकी वर्षं जिला दिवसातून शंभरदा हाक यायची तिला आता कुणी हाकच मारीना. ती स्वयंपाक करी, जेवे, खिडकीत बसे, आणि विचारलं तेवढ्याचं उत्तर देई. हे संदेश यायला लागले आणि तिची कळी खुलली. कोण पाठवतंय, का पाठवतंय हे तपशीलरावांनी तिला समजावून सांगितलं होतं. तिला त्याचं काही नव्हतं. आलेल्या प्रत्येक संदेशाला ती एका बोटाने, चष्मा नाकावर सरकवत, उत्तर लिहायची. ‘चाचणी’ला लिही, ‘पोचली.’ ‘कुणी आहे का?’ला लिही, ‘आहे की.’ एकाने पाठवलं, ‘एक दोन तीन,’ तर हिने लिहिलं, ‘चार पाच सहा.’ संध्याकाळी तपशीलराव घरी आले की दारातच, ‘अरे, आज कोण आलं होतं सांगू?’ म्हणून ती सांगत सुटायची. जणू पाहुणे येऊन गेले होते.

बहिणीला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, ‘तुझा नंबर काढलास, मग आईचा का ठेवलास?’

‘तिला करमतं गं.’

‘करमायला दुसरं काही बघ. कोण कुठली माणसं, तिचा नंबर चव्हाट्यावर टांगून ठेवलायस.’

‘किती दिवसांनी हसली ती, तू बघायला हवं होतंस.’

‘मी नाही बघत ते बरंय. तुला तिच्याशी बोलायला नको, म्हणून परस्पर सोय केलीस तू.’

हे तपशीलरावांना झोंबलं, कारण खरं होतं. संध्याकाळी आईशेजारी बसून बोलायचं तर काय बोलायचं हे त्यांना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. त्यांनी विषय बदलला, आणि नंबर होता तिथेच राहिला.

‘फ्रेमवाला’ या नावाने लिहिणारा एक जण हा ब्लॉगचा सगळ्यांत इमानी वाचक. फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून देण्याचं त्याचं दुकान होतं. हा गृहस्थ चाळिशीत आपलं आपण प्रोग्रॅमिंग शिकत होता आणि तपशीलरावांच्या प्रत्येक पोस्टखाली अडलेलं विचारत होता. विचारायचाही नीट, तपशिलासकट, त्यामुळे तपशीलरावांचा त्याच्यावर जीव. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचे वडील आजारी होते, अर्ध्या अंगाने लुळे, बोलणं गेलेलं. त्यांच्यासाठी त्याने घंटा केली. बटण-पडद्याच्या पेटीला लाकडी चौकट इतकी सुरेख बसवली होती की त्याने पाठवलेला फोटो बघून तपशीलरावांना भरून आलं. त्यांनी खाली लिहिलं, ‘फार छान! चालवून पाहिलंत ना?’ फ्रेमवाल्याचं उत्तर आलं, ‘पाहिलं सर. बाबांनी बटण दाबलं की माझ्या फोनवर लगेच संदेश येतो.’

लगेच येणारच. शून्यं दिसली म्हणून पहिला नंबर त्याने बदलला होता आणि पहिल्याच नंबरवरून लगेच उत्तर जात होतं. प्रोग्रॅम दुसऱ्या नंबरापर्यंत कधी गेलाच नाही, म्हणून तिथे कुणाचा नंबर आहे ते बघायची वेळही आली नाही. सगळं सुरळीत चालतं तेव्हा जो रस्ता लागत नाही तोच आधी तपासायचा असतो. हे तपशीलरावांनी लिहिलंही होतं, दुसऱ्या कुठल्या तरी पोस्टमध्ये.

त्या दुपारी तपशीलराव घरीच होते. सर्दीने डोकं ठणकत होतं, रजा टाकून ते डोळ्यांवर रुमाल घेऊन पडले होते. आई फोन घेऊन आली.

‘अरे, हे बघ जरा. हे निराळंच आहे.’

‘काय आहे?’

‘“बाबांना मदत हवी आहे. लवकर या.” असं आलंय.’

‘अगं, कुणीतरी चाचणी करतंय.’

‘चाचणी असं लिहिलेलं नाही यात.’

‘प्रत्येक जण कुठे लिहितो? सगळे खरंच वाटेल असं लिहून बघतात.’

आई जाईना. पलंगाशी उभीच राहिली. जरा वेळाने फोन पुन्हा वाजला, आणि थोड्या वेळाने पुन्हा.

‘परत आला रे. तेच. मला बरं नाही वाटत हे.’

‘आई, माझं डोकं फुटतंय,’ तपशीलराव रुमालाखालूनच म्हणाले. ‘उत्तर देऊन टाक. उत्तर दिलं की थांबतो तो.’

हे शब्दशः खरं होतं. प्रोग्रॅम त्यांचाच, त्याला काय केलं की काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आईने तिथेच उभं राहून एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘आले हं. धीर धरा.’ मग वाट बघितली. फोन पुन्हा वाजला नाही.

‘थांबला,’ ती म्हणाली.

‘मी म्हटलं नव्हतं?’ तपशीलराव कुशीवर वळले, आणि त्यांना छान झोप लागली. ती झोप त्यांना पुढे फार महाग पडली.

आई मात्र ते विसरली नाही. पुढचे काही दिवस जेवताना मधेच म्हणायची, ‘त्या बाबांचं काय झालं असेल रे?’ तपशीलराव म्हणायचे, ‘कुठले बाबा? अगं, चाचणी होती ती.’ 

आणि मग कमेंट आली. फ्रेमवाल्याने नेहमीप्रमाणे नीट, क्रमाने लिहिली होती.

‘सर, त्या दिवशी मी काच आणायला गेलो होतो. व्यापाऱ्याच्या तळघरात रेंज नव्हती. बाबांनी बटण दाबलं. मला संदेश मिळाला नाही, म्हणून तो दुसऱ्या नंबरवर गेला. तो बदलायचा माझ्याकडून राहून गेला होता, चूक माझी. तिकडून उत्तर आलं, “आले हं. धीर धरा.” ते पडद्यावर दिसलं आणि घंटा थांबली. मी पोचलो तोवर बाबा गेले होते. वेळेवर कुणी पोचलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. प्रोग्रॅम बरोबर चालला, मी सगळं तपासलं. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, उत्तर देणाऱ्या बाई कोण?’

तपशीलरावांनी हे ऑफिसमध्ये वाचलं. आधी त्यांनी कोड उघडला आणि वरपासून खालपर्यंत पाहिला. सवयच ती. कुठेही चूक नव्हती. लिहिल्याप्रमाणे सगळं घडलं होतं. मग ते उठून बेसिनपाशी जाऊन उभे राहिले. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, ‘काय झालं? पडद्यावर काय दिसलं?’ ही त्यांचीच नक्कल होती, आणि आजूबाजूचे हसले. त्यांनीही हसल्यासारखं केलं.

त्याच दिवशी पोस्टमधल्या दुसऱ्या नंबराच्या जागी शून्यं आली. कमेंट मात्र तशीच राहिली. संध्याकाळी जिन्यात उभं राहून त्यांनी बहिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘त्या माणसाला आज उत्तर दे,’ ती म्हणाली.

‘आणि आईला कळलं तर? मोडून पडेल ती. माझ्याने नाही व्हायचं ते.’

‘आईला काय कळेल, दादा? की तिने उत्तर दिलं? ते तिला माहीतच आहे. तिने तुला तीनतीनदा सांगितलं आणि तू कूस बदललीस, हेही माहीत आहे. तू तिला वाचवतोयस की स्वतःला?’

तपशीलराव म्हणाले, ‘रेंज जातेय,’ आणि फोन ठेवला. जिन्यात रेंज उत्तम होती.

असा आठवडा गेला. संदेश यायचे थांबले होते, कारण नवीन कोड उचलणाऱ्यांना आता शून्यंच मिळत होती. आई फोन हातात घेऊन बघायची आणि ठेवायची. एकदा तिने विचारलं, ‘बिघडला का रे हा?’ ते म्हणाले, ‘नाही, लोकांना काम नसेल हल्ली.’ एका माणसापासून लपवायला निघालं की हळूहळू सगळंच लपवावं लागतं. घरात बोलण्यासारखं जे थोडं होतं तेही संपलं.

तर आता सुट्टीच्या त्या सकाळी गार चहा बाजूला सारून तपशीलराव लिहायला लागले. एकदा सुरुवात झाल्यावर हात भराभर चालला. त्यांनी लिहिलं की या वर्षात आपल्या हातून एक गंभीर चूक झाली. नमुन्याच्या कोडमध्ये खरा नंबर ठेवला. एक बदलला, एक ठेवला, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं की बदलायचं ते एवढंच. उत्तर आलं की थांबायचं, पण उत्तर कुणाचं आहे हे तपासायचं नाही, हीदेखील चूक. यातून एका घराचं कधीही भरून न निघणारं नुकसान झालं. प्रत्येक चूक कुठल्या ओळीत, का झाली, कशी टाळावी, सगळं आलं. वाचून पाहिलं तर लेख उत्तम उतरला होता. वर्षातला सगळ्यांत चांगला. एवढा सगळा तपशील दिला, पण फ्रेमवाल्याने जो मागितला होता तेवढा त्यात नव्हता. ते त्यांनाही दिसत होतं. त्यांनी पडद्यावरचा बाण ‘प्रकाशित करा’वर नेला आणि बोट तिथेच थांबलं.

पलीकडच्या खोलीत आईचा फोन वाजला. संदेशाचा नव्हे, बोलण्याचा. तिला फोन करणारी एक धाकटीच, आणि ती दुपारी करायची. तपशीलरावांच्या एकदम लक्षात आलं की आपण पोस्टमधून नंबर काढला, पण फ्रेमवाल्याने केव्हाच उचललेल्या कोडमधून तो कसा निघेल? ते धडपडत उठले, खुर्ची पडली. दारापर्यंत पोचले तेव्हा आईने मटारची ताटली बाजूला ठेवून फोन घेतला होता. तिला कमी ऐकू येई, म्हणून तो कायम स्पीकरवर. त्यांनी हात पुढे केला, तर तिने ‘थांब, माझा आहे’ अशी खूण केली.

‘मावशी, तुम्ही मला ओळखत नाही,’ एक शांत, घोगरा आवाज म्हणाला. ‘थोडा वेळ आहे का?’

‘वेळच आहे. बोला ना.’

‘तुम्ही एकदा एका संदेशाला उत्तर दिलं होतं. “आले हं, धीर धरा,” असं.’

‘हो हो!’ आईचा चेहरा उजळला. ‘तुम्हीच का ते? अहो, मी रोज विचारतेय घरात, त्या बाबांचं काय झालं म्हणून. बरे आहेत ना?’



‘माझे वडील होते ते. त्याच दिवशी गेले.’

आईने फोन दोन्ही हातांनी धरला. ‘म्हणजे, मी लिहिलं त्याच्यानंतर?’

‘त्यानंतर.’

‘अरे देवा.’

‘मी भांडायला फोन नाही केला, मावशी. माझीही चूक होती. पण मला एक कळत नाही आणि त्याने मला झोप लागत नाही.’ तो हळू बोलायला लागला. ‘बाबा आजारी पडल्यापासून शर्टाची बटणं लावायचे नाहीत. एका हाताने जमायचं नाही, आणि मी लावली तर चिडायचे. मी आलो तेव्हा गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली होती. वरचं एक चुकलेलं होतं. डोळ्यांवर चष्मा होता, तोंड दाराकडे. कुणी पाहुणं येणार असावं तसे. तीनदा संदेश गेला होता, पण तुमचं उत्तर आल्यावर बाबांनी पुन्हा घंटेच्या बटणाला हात लावला नाही. म्हणून विचारतो, कोण येणार होतं?’

तपशीलराव चौकटीला धरून उभे होते.  आईने डोळे पुसले नाहीत. पाणी गालावरून तसंच खाली गेलं.

‘मी,’ ती म्हणाली. ‘मीच येणार होते, बाळा. आमच्या घरात कुणी हाक मारली की मी असंच म्हणायची. आणि जायचीही. उशिरा का होईना, जायची मी.’

‘मग त्या दिवशी?’

आई मटारच्या ताटलीकडे बघत राहिली.

‘तुमच्याजवळ कुणीच नव्हतं का, मावशी? हे काय आहे, खरं आहे का, असं विचारायला?’

आईने मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं. तो दोन पावलांवर होता. तिथून नुसतं ‘मी होतो’ म्हटलं असतं तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. तपशीलरावांचं तोंड उघडं होतं. तिने त्यांना पुरेसा वेळ दिला.

‘नाही रे,’ मग ती फोनमध्ये म्हणाली. ‘घरात मी एकटीच होते.’

तपशीलरावांनी तोंड मिटलं.

‘असं होय,’ फ्रेमवाला म्हणाला. त्याने एक मोठा श्वास घेतला. ‘एकट्या राहता तर जपून राहा, मावशी. कधी काही लागलं, बरं वाटेनासं झालं, तर याच नंबरवर सांगा. मी येईन.’

‘हो,’ आई म्हणाली.